अंगावरून वारं गेलेला माणूस : शुश्रूषेच्या इतिहासाची एक बाजू

मावळात पक्षाघाताला कोणी पक्षाघात म्हणत नाही. ‘अंगावरून वारं गेलं’ असे म्हणतात. वैद्य अर्धांगवायू म्हणेल, शहरातला माणूस लकवा म्हणेल, डॉक्टर स्ट्रोक म्हणेल. पण अंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ या तिन्ही खोऱ्यांत जुनी माणसे आजही वाऱ्याचेच नाव घेतात. वारा कधी यावा हे कोणाच्या हाती नाही आणि आलेला वारा कोणी अडवू शकत नाही. म्हणजे रोगाच्या नावातच हात टेकणे आले. या नावामुळे किती माणसे उंबऱ्याच्या आत पडून राहिली याची मोजदाद कोणी केलेली नाही. मी त्यातल्या एकाची मुलगी आहे, आणि पुढे सदतीस वर्षे रुग्णालयात परिचारिका म्हणून काढली आहेत. तेव्हा या विषयावर लिहिण्याचा अधिकार मला दोन्हीकडून पोचतो असे मी समजते.

१९७४ सालचा जुलै. वडील खंडाळ्याच्या एका बंगल्यावर रखवालदार होते. त्यांना आम्ही दादा म्हणत असू. बंगल्याचा मालक मुंबईला, आम्ही मागच्या आऊटहाऊसमध्ये. खंडाळ्या-लोणावळ्याचा आषाढ ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. चार-चार दिवस समोरचा माणूस दिसत नाही. पहाटे दादा उठायला गेले ते उजव्या अंगावर कोसळले. तोंड वाकडे झालेले, डोळे उघडे, शब्द फुटेना. आई लोणावळ्यात एका दवाखान्यात आया होती आणि रात्रपाळीला गेलेली होती. घरात मी तेरा वर्षांची आणि दोन धाकटे भाऊ. शेजारचे तात्या आले, म्हणाले, ‘‘वारं गेलंय. पोरी, च्या कर, गरम पोटात गेलं की तरतरी येईल.’’ मी चहा केला. बशीत ओतला, फुंकर घातली आणि चमच्याने दादांच्या तोंडात घातला. त्यांना जोराचा ठसका लागला. तात्या म्हणाले, ‘‘ठसका आला म्हणजे जीव हाय, आणखी दे.’’ मी आणखी दिला.

मग कोणीतरी कबुतर आणले. त्याचे गरम रक्त उजव्या हातापायाला चोळले. हा उपचार आमच्याकडे सर्वांना ठाऊक आहे. दुपारी पाऊस जरा ओसरल्यावर टेंपो मिळाला. रुग्णालयाचे नाव मी घेत नाही. तेव्हाची बहुतेक तशीच होती. साठ-सत्तर रोग्यांना एक सिस्टर. तिने सलाईन लावले, सुई दिली आणि आईला सांगितले की बाकीचे तुमचे तुम्ही बघा. तिसऱ्या दिवशी दादांना ताप भरला. छातीत घरघर सुरू झाली. सहाव्या दिवशी माकडहाडाजवळची कातडी काळीनिळी पडून फाटली. नवव्या दिवशी ते गेले. कागदावर न्यूमोनिया लिहिले होते.

त्या चमच्यानेच ते गेले असे म्हणता येणार नाही. पक्षाघात मोठा असला की गिळणे आपोआपच बिघडते आणि स्वतःची लाळसुद्धा फुप्फुसात उतरते. परंतु तो ठसका म्हणजे जीव असल्याची खूण नव्हती, चहा श्वासनळीत गेल्याची खूण होती, एवढे मला पुढे आठ वर्षांनी नर्सिंगच्या पुस्तकातून कळले. तोवर मी ते कोणाला बोलले नव्हते.

असो. प्रश्न माझ्या एकटीच्या घरचा असता तर मी हा लेख लिहिला नसता. प्रश्न असा आहे की पडलेल्या माणसाची ‘शुश्रूषा’ आपल्या समाजात कोणी करायची, कशी करायची, आणि ती करणाऱ्याला काय म्हणायचे, हे ठरले कसे?

‘शुश्रूषा’ हा शब्दच आधी पाहू. मूळ धातू ‘श्रु’, म्हणजे ऐकणे. शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा. रोग्याचे ऐकण्याची जिला इच्छा आहे ती परिचारिका, असा सुंदर अर्थ त्यातून निघू शकला असता. परंतु मनुस्मृतीच्या पहिल्याच अध्यायात शूद्राला जे एकमेव कर्म नेमून दिले आहे ते वरच्या तीन वर्णांची, मनात असूया न धरता, शुश्रूषा करणे हे होय. शब्द हाच आहे. ऐकणे म्हणजे हुकूम ऐकणे असा त्याचा अर्थ झाला. आणि अतिशूद्रांच्या वाट्याला तर तेवढेही आले नाही. जन्माच्या वेळी नाळ कापायला आमची बाई चालत होती, मेलेले ढोर ओढायला आमचा माणूस चालत होता, मर्तिकाचा सांगावा घेऊन गावोगाव पळायला चालत होता. मधल्या सगळ्या आयुष्यात मात्र त्याची सावली चालत नव्हती. विष्ठा, मूत्र, लाळ, ओकारी या गोष्टी ज्या संस्कृतीने जातीच्या उतरंडीत टाकल्या, तिथे अर्धे अंग लुळे पडलेल्या माणसाचे काय होणार? त्याला तर याच चार गोष्टींसाठी दुसऱ्याचा हात लागतो.

आता ज्या मावळात मी वाढले तिथल्याच डोंगराकडे बोट दाखवते. भाज्याची लेणी लोणावळ्यापासून हाकेच्या अंतरावर आहेत. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून ती कोरली जात होती. सहलीची माणसे चैत्यगृह पाहून परततात. त्याच्या पलीकडे चौदा स्तूप एका ठिकाणी उभे आहेत तिकडे फारसे कोणी थांबत नाही. ते तिथे राहून गेलेल्या थेरांचे, म्हणजे वयोवृद्ध भिक्खूंचे स्तूप. काहींवर नावेही कोरली आहेत : अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन. घरदार सोडून आलेली ही माणसे या कातळात म्हातारी झाली. त्यांना बायको नाही, मुलगा नाही, सून नाही. त्यांच्यापैकी कोणाच्या अंगावरून वारं गेले असेल तेव्हा त्याला कुशीवर कोणी वळवले?

याचे उत्तर विनयपिटकात आहे, आणि ते नियमाच्या स्वरूपात आहे. महावग्गातली कथा अशी. एक भिक्खू पोटाच्या विकाराने आजारी होऊन स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. तथागत आनंदाला घेऊन विहारात फिरत असता ते तिथे आले. तुझी सेवा कोणी का करत नाही, असे विचारल्यावर तो म्हणाला की मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून करत नाहीत. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला लावले. बुद्धांनी पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले. मग बुद्धांनी डोक्याकडून आणि आनंदाने पायांकडून धरून त्याला उचलून बिछान्यावर ठेवले. नंतर संघ जमवून सांगितले की इथे तुम्हाला आई नाही, बाप नाही, तुम्हीच एकमेकांचे केले नाही तर कोण करणार. आणि ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने रोग्याची सेवा करावी.

लोक ही कथा करुणेची म्हणून सांगतात. मला तिच्यात व्यवसायाची शिस्त दिसते. कारण पुढे लगेच चांगल्या परिचारकाची पाच लक्षणे दिली आहेत. त्याला औषध तयार करता यावे. रोग्याला काय सोसते आणि काय सोसत नाही हे त्याला कळावे. सोसणारे त्याने जवळ आणावे, न सोसणारे दूर करावे. त्याने लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावाने करावे. मलमूत्र, थुंकी, ओकारी काढताना त्याला किळस वाटू नये. आणि वेळोवेळी बोलून रोग्याचे मन त्याला उभारी देता यावे. यातले चौथे लक्षण वाचून मी पहिल्यांदा पुस्तक मिटून बसले होते. आमच्या पिढ्यान्‌पिढ्यांना ज्या कामासाठी हलके ठरवले गेले, ते काम इथे विद्वान भिक्खूच्या पात्रतेची कसोटी म्हणून लिहिलेले आहे. आणखी एक बारीक तरतूद त्याच प्रकरणात आहे : आजारी भिक्खू मरण पावला तर त्याचे पात्र आणि चीवर त्याची शुश्रूषा करणाऱ्यांना द्यावे. म्हणजे उपकार म्हणून केलेल्या कामाला हक्काची जोडही दिलेली आहे.

दुसरे लक्षणही विसरू नये. काय सोसते आणि काय सोसत नाही. दादांना त्या पहाटे चहा सोसत नव्हता.

हा वारसा मधल्या काळात आपल्या भूमीतून पुसला गेला. लेणी राहिली, नियम गेला. म्हणून एकदम एकोणिसाव्या शतकात, आणि मावळातून खाली पुण्यात यावे लागते.

महाराष्ट्राच्या इतिहासातला सर्वांत मोठा पक्षाघाताचा रोगी म्हणजे जोतीराव फुले. मे १८८८ मध्ये मुंबईला मांडवीच्या कोळीवाड्यात त्यांना ‘महात्मा’ ही पदवी दिली गेली आणि त्याच वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. सत्यशोधक समाजातले स्नेही डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले. उजवा हात चालेना तेव्हा जोतीरावांनी डाव्या हाताने लिहायला घेतले आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पुरे केले. ते छापून निघाले १८९१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. म्हणजे झटक्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळ ते जगले, आणि नुसते जगले नाहीत तर विचार करत, लिहीत जगले. पैशाची ओढाताण एवढी होती की १८९० मध्ये मामा परमानंदांना त्यांच्या मदतीसाठी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकावा लागला.

चरित्रकार डाव्या हाताचे कौतुक करतात आणि ते योग्यच आहे. पण मी परिचारिका आहे, मला दुसरे दिसते. रक्तदाबाची पट्टी नाही, प्रतिजैविक औषध नाही, अशा काळात पक्षाघाताचा माणूस दोन वर्षे फुप्फुसात पाणी न जाता, पाठ न फाटता, मूत्राचा दाह होऊन ताप न चढता जगला, तर त्यामागे दिवसाचे आणि रात्रीचे हात असतात. दर दोन-तीन तासांनी कूस बदलावी लागते. घास लहान करावा लागतो, बसवून भरवावा लागतो, गिळल्याची खात्री करून मगच पुढचा द्यावा लागतो. लुळ्या हाताचा खांदा ओढला जाणार नाही असे उचलावे लागते. हे हात सावित्रीबाईंचे होते. त्यांच्या शिक्षिकेच्या रूपाची पूजा आपण करतो. गंज पेठेतल्या त्या घरातली ही दोन वर्षे मात्र आपल्या व्याख्यानांत एका वाक्यात उरकतात.

पुढे १८९७ च्या प्लेगात हेच हात पुन्हा दिसतात. दत्तक मुलगा डॉ. यशवंत याने हडपसरजवळ ससाण्यांच्या मळ्यात दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातला, पांडुरंग बाबाजी गायकवाड यांचा मुलगा प्लेगाने आजारी पडला, तेव्हा सावित्रीबाईंनी त्याला स्वतः उचलून दवाखान्यात आणले. त्या संसर्गाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचा मृत्यू झाला. रुग्णवाहिकेचा इतिहास लिहायचा झाला तर आमच्यापुरता तो इथून लिहावा लागेल. सरकारी गाड्यांच्या आधी एका बाईच्या कडेवरून अस्पृश्याचे मूल दवाखान्यात पोचले.

त्याच सुमारास महाराष्ट्रात नर्सिंग हा पेशा आकार घेत होता. मिरजेला डॉ. वॉनलेस यांचे मिशन रुग्णालय १८९४ मध्ये सुरू झाले आणि तिथे परिचारिका शिकू लागल्या. मिशनच्या रुग्णालयांत सुरुवातीला पुढे आलेल्या मुली मुख्यतः ख्रिस्ती, आणि त्यांतल्या पुष्कळजणींचे आईबाप काल-परवापर्यंत महारवाड्यात नाहीतर मांगवाड्यात राहणारे. सवर्ण घरातली मुलगी परक्या पुरुषाला हात लावणार नव्हती आणि कोणाच्याही विष्ठेला तर मुळीच नाही. १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन उभे केले आणि पुढे विधवा व परित्यक्ता मुलींना ससून रुग्णालयात नर्सिंगसाठी पाठवले, तेव्हा त्यांना केवढा विरोध सोसावा लागला असेल याची कल्पना यावरून यावी. रमाबाईंचे धैर्य मी कमी लेखत नाही. परंतु जो समाज बदलायला तयार नव्हता त्याने यातूनही एक पळवाट काढली. नाइटिंगेलबाईंनी १८५९ सालच्या आपल्या पुस्तकात मलमूत्राच्या भांड्याची स्वच्छता हा शुश्रूषेचा विषय म्हणून चर्चिला होता. इकडे आल्यावर त्या कामाचे दोन तुकडे झाले. औषध, सुई, तक्ता हे सिस्टरचे. भांडे, चादर, कुशीवर वळवणे, तोंड पुसणे हे आयाबाईचे आणि वॉर्डबॉयचे. रुग्णालयाच्या भाषेत त्यांना मावशी आणि मामा म्हणतात. नात्याचे शब्द केवढे गोड! पण मावशी कोणत्या वस्तीतून येते आणि सफाई कामगार कोणत्या जातीचा असतो हे कोणत्याही वॉर्डात जाऊन पाहावे. आळंदी-देहूच्या वाटेवर समतेचे अभंग गाणारा माणूसही खाटेवर पडल्यावर भांडे देणाऱ्या हाताची जात विचारताना मी ऐकला आहे.

माझी आई मावशी होती. देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली त्या गर्दीत ती आपल्या बापाच्या खांद्यावर होती. महाडला मनुस्मृती जाळली ती तारीखही २५ डिसेंबरच, सत्तावीस वर्षांपूर्वीची. हे आई मला नेहमी सांगे. तिला लिहिता येत नव्हते, पण पाठीला जखम होणार हे तिला कातडीच्या लाल डागावरून एक दिवस आधी कळे. दादांच्या वेळी ती एकटी, नोकरी सांभाळून, किती वळवणार?

मी १९७९ मध्ये नर्सिंगला गेले. तिथे आम्हाला बॅक केअर, माऊथ केअर, मॅकिंटॉश आणि ड्रॉ-शीट घालणे, बेडपॅन देणे हे सगळे शिकवले आणि परीक्षेतही विचारले. (पाठीला स्पिरिट चोळून पावडर लावायला शिकवत, त्याने कातडी उलट कोरडी पडते हे आता सर्वमान्य झाले आहे.) पण वॉर्डात रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात एका वरिष्ठ बाईंनी मला बाजूला घेतले. मी एका म्हाताऱ्याचा बेडपॅन काढत होते. त्या म्हणाल्या, ‘‘अगं, तू सिस्टर आहेस ना आता? मावशीचं काम तू केलंस तर तुला मावशीच समजतील.’’ त्यांच्या मनात वाईट नव्हते. त्यांना मी वर चढायला हवी होते. जातीची शिडी अशी असते की जो वर चढतो त्याला खालची पायरी विसरायची अट असते, आणि पक्षाघाताच्या रोग्याचा जीव नेमका त्या खालच्या पायरीवर असतो.

आता घड्याळाकडे वळू. दादा पडले तेव्हा मेंदूत रक्ताची गाठ अडकली आहे की रक्तवाहिनी फुटली आहे हे जिवंतपणी पाहण्याचे यंत्र जगात येऊन तीनच वर्षे झाली होती. सी.टी. स्कॅनने पहिला रोगी लंडनमध्ये १९७१ साली तपासला गेला. गाठ विरघळवणारे इंजेक्शन पक्षाघातात उपयोगी पडते हे १९९५ मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासाने दाखवले. अट अशी की पहिल्या तीन तासांत द्यायला हवे. पुढे २००८ मध्ये ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. २०१५ पासून मोठ्या रक्तवाहिनीतली गाठ तारेने ओढून काढण्याचा उपायही सिद्ध झाला. गाठीमुळे होणारे पक्षाघात बहुसंख्य असतात. पण फुटलेल्या रक्तवाहिनीच्या रोग्याला हेच इंजेक्शन दिले तर तो दगावेल, म्हणून आधी स्कॅन. वारं आता अडवता येते, पण इंजेक्शनाला सर्वसाधारणपणे साडेचार तासच मिळतात.

मावळात हे साडेचार तास कसे जातात? तळेगावला १९९५ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, २००२ पासून द्रुतगती मार्ग आहे, २०१४ पासून १०८ क्रमांकाची गाडी आहे. लोणावळ्याहून पुणे पासष्ट किलोमीटरच्या आसपास. हिशेब कागदावर बसतो. पण अंदर मावळाच्या टोकाच्या वाडीतून डांबरी रस्त्यापर्यंत पावसाळ्यात झोळी करून माणूस आणावा लागला, तर एक तास तिथेच गेला. त्याआधी ‘वारं गेलंय, उतरेल’ म्हणून सकाळची दुपार झालेली असते. मग जवळचा जो दवाखाना असेल तिथे. रक्तदाब वाढलेला दिसला की तो झटपट उतरवायला जिभेखाली कॅप्सूल फोडण्याची रीत आमच्या काळी सर्रास होती. गाठ अडकलेल्या मेंदूला त्या वाढलेल्या दाबावरच थोडेफार रक्त पोचत असते. तो एकदम पाडला की उरलेला भागही मरतो. हे समजायला आम्हाला बरीच वर्षे लागली.

गडचिरोलीचे आकडे मी या संदर्भात वारंवार सांगते. तिथल्या ८६ गावांत ‘सर्च’ संस्थेच्या अभ्यासकांनी २०११ ते २०१३ या काळातले मृत्यू तपासले. मृत्यूच्या कारणांत पक्षाघात पहिला निघाला : १४.३ टक्के, म्हणजे सातांत एक. आणि पक्षाघाताने मेलेल्या शंभरातले सत्त्याऐंशी घरीच मेले. तेव्हा हा श्रीमंतांचा, शहरातल्या खातेऱ्या-पितेऱ्यांचा रोग आहे हा समज सोडून द्यावा. गडचिरोली म्हणजे मावळ नव्हे. मावळाच्या पायाशी पुणे आहे. पण वाडीवर पडलेल्या माणसाला पुणे जवळ आहे याचा उपयोग तेव्हाच, जेव्हा त्याच्या उशाशी कोणी जाणते असते.

म्हणून कॅज्युअल्टीच्या दारात परिचारिकेला जे करावे लागते ते मी इथे मुद्दाम सांगते. पहिला प्रश्न ‘कधी पडला’ हा विचारू नये. ‘धडधाकट शेवटचा कधी पाहिला’ असे विचारावे. झोपेत झटका आलेल्या माणसाचे घड्याळ रात्री झोपला तेव्हापासून चालू झालेले असते. उत्तर घड्याळात देता येत नसेल तर ‘पाच-तीसची लोकल गेली होती का?’, ‘धार काढून झाली होती का?’ असे विचारावे. मावळातल्या बाईला वेळ बिनचूक सांगता येते, तिच्या भाषेत विचारले तर. दुसरे, बोट टोचून साखर पाहावी, कारण साखर उतरल्यानेही माणूस अर्धांगासारखा दिसतो. सुई धडधाकट हाताला लावावी. ताप पाहावा. आणि गिळणे तपासल्याखेरीज तोंडात पाणीसुद्धा घालू नये, गोळीही नाही.

यात शौर्याचे असे काही दिसत नाही. परंतु ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये १९ पक्षाघात कक्षांत एक अभ्यास झाला आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या कक्षांतल्या परिचारिकांना तीन गोष्टींची शिस्त लावून दिली : ताप, साखर, गिळणे. पहिले तीन दिवस ठरलेल्या तासाला ताप आणि साखर पाहायची व वाढली तर लगेच उपाय, आणि गिळणे तपासल्याशिवाय तोंडाने काही नाही. नव्वद दिवसांनी मेलेले किंवा परावलंबी झालेले रोगी इतर कक्षांत ५८ टक्के होते, या कक्षांत ४२ टक्के. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. थर्मामीटर, टोचायची सुई आणि एक चमचा पाणी. माझ्या दादांच्या खाटेपाशी यातले प्रत्येक साधन १९७४ मध्येही पोचू शकले असते.

कोणी म्हणेल की नातेवाईकांना शिकवा म्हणजे भागेल. तोही प्रयोग आपल्याच देशात झाला. चौदा रुग्णालयांत बाराशे पन्नास रोगी घेतले आणि त्यांतल्या सुमारे निम्म्यांच्या घरच्यांना व्यायाम आणि सेवा शिकवून घरी पाठवले. २०१७ मध्ये निष्कर्ष आला : सहा महिन्यांनी मृत्यूत वा परावलंबित्वात काही फरक पडला नाही. ‘बाकीचे तुमचे तुम्ही बघा’ हे धोरण म्हणून पुढे करणाऱ्यांनी हा निष्कर्ष नीट वाचावा. घरच्या बाईच्या माथ्यावर फुकटचे काम टाकून शिकलेल्या हातांची उणीव भरून निघत नाही. आमच्या बायांच्या माथ्यावर तर नाहीच नाही, कारण त्या दुसऱ्या दिवशी रोजावर गेल्या नाहीत तर चूल पेटत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात मांडायचे तर असे की, सिस्टर आणि मावशी यांच्यामध्ये जी भिंत घातली गेली तिच्यात पक्षाघाताचा रोगी चिणला गेला आहे. कुशीवर वळवणे हे उपचार आहे, त्याची नोंद टी.पी.आर. चार्टाशेजारी वेळेसह झाली पाहिजे. भरवणे हे उपचार आहे. ते करणाऱ्या मावशीला शिकवले पाहिजे, त्या शिक्षणाचा कागद तिच्या हातात आणि त्याचा पैसा तिच्या पगारात पडला पाहिजे. आज बऱ्याच ठिकाणी ती कंत्राटी झाली आहे. दर अकरा महिन्यांनी बदलणाऱ्या बाईला रोग्याच्या कातडीचा लाल डाग कोण शिकवणार? आणि आमच्या शिकलेल्या मुलींनी, ज्या आज मोठ्या संख्येने नर्सिंगला जात आहेत, बेडपॅनला हात लावण्याची लाज सोडली पाहिजे. ती लाज आपली नाही. ती आपल्यावर लादलेली आहे.

गेल्या काही वर्षांत मी मावळातल्या विहारांतून, अंगणवाड्यांतून बायकांना हे सांगत हिंडते. तोंड वाकडे, हात लुळा, बोली अडखळती, की १०८ लावा, वेळ लक्षात ठेवा, कुशीवर ठेवा, तोंडात काही घालू नका. पहिल्या तिन्ही गोष्टी त्यांना पटतात. चौथीपाशी अडते. एक म्हातारी मला म्हणाली, ‘‘बाई, पान्यासाठी आमच्या बापजाद्यांनी डोकी फोडून घेतली. आन्‌ आता आमच्याच मानसाला घोटभर पानी देऊ नको म्हन्तीस?’’ चवदार तळ्याची सगळी लढाई तिच्या त्या प्रश्नात होती. मी तिला पुस्तकातले उत्तर दिले नाही. मी तिला दादांचा चहा सांगितला. पहिल्यांदाच, सर्वांसमोर. ती माझा हात धरून बसली.

एक गोष्ट सांगायची राहिली. १९८६ सालची रात्रपाळी. पक्षाघाताचा एक शेतकरी दुसऱ्या दिवशी जरा सावध झाला होता. सकाळच्या राउंडला ‘तोंडाने द्रव द्यावे’ असे लिहिले गेले होते. मावशी त्याला पाण्याचा चमचा भरवायला बसली आणि दुसऱ्याच चमच्याला थांबली. मला हाक मारून म्हणाली, ‘‘सिस्टर, ह्यांचा आवाज ओला झालाय. घशात पानी ऱ्हातंय.’’ मी त्याला नाव विचारले. तो बोलला, आणि खरोखरच प्रत्येक शब्द पाण्यातून आल्यासारखा गुळगुळत होता. ठसका नव्हता, काही नव्हते. मी डॉक्टरांना उठवले, राइल्स ट्यूब घातली. त्याला ताप आला नाही. अठराव्या दिवशी तो काठी टेकत गेला. गिळणे तपासण्याच्या आजच्या पद्धतींत पाणी दिल्यानंतर आवाज ओला होतो का हे पाहायला सांगितलेले असते. ती मावशी कोणत्याही शाळेत गेलेली नव्हती.

केस पेपरवर मी त्या रात्री लिहिले : आवाज ओला, गिळणे असुरक्षित, तोंडाने काही देऊ नये. वेळ दोन वाजून दहा मिनिटे. खाली सही माझी आहे.